माणूस गेला, पत्ता राहिला : सांगलीतल्या एका अडत पेढीचा मेल सर्व्हर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत करणारी एक पेढी. मालक तीन भाऊ. हाताखाली दिवाणजी, हिशेबाची माणसं, गोदाम आणि कोल्ड स्टोरेज सांभाळणारे. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली की हंगामापुरती घेतलेली चार-सहा पोरं. सगळे धरून तीसेक जण. एवढ्यांचा पत्रव्यवहार एकाच मोफत जी-मेल खात्यावर चालायचा आणि त्याचा पासवर्ड पेढीत सगळ्यांना तोंडपाठ होता.

हे वर्षानुवर्षं बरं चाललं होतं. मग गुजरात-राजस्थानच्या खरेदीदारांशी बोलणारा एक जुना माणूस यार्डातल्याच दुसऱ्या पेढीत गेला. भांडण नव्हतं, पगार जास्त मिळाला म्हणून गेला. पण त्याच्या मोबाइलवर ते खातं तसंच राहिलं. राजापुरी हळदीचे दर कुणाला काय कळवले, बेदाण्याचे नमुने कुठे गेले, हे तो तिकडं बसून वाचू शकत होता. वाचलं की नाही, कुणालाच ठाऊक नाही. लक्षात आल्यावर इकडून पासवर्ड बदलला, तोही ऐन सौद्याच्या दिवशी, आणि पेढीतल्या झाडून सगळ्या मोबाइलवरची मेल बंद पडली.

पेढीचा स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे पत्रं घेणारा, ठेवणारा आणि पाठवणारा कॉम्प्युटर, उभारायचं काम आमच्याकडं आलं ते यानंतर. थोरल्या शेठजींनी मागणी एका वाक्यात सांगितली. ‘माणूस गेला की त्याची किल्ली बंद झाली पाहिजे, पण त्याच्या नावानं येणारी पत्रं पेढीत आलीच पाहिजेत.’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची सगळी मांडणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याभोवती फिरली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

तयार सेवा विकत का घेतली नाही

हा प्रश्न आम्हीच आधी विचारला. दहा माणसांची कचेरी असेल तर मी आजही सांगेन की माणशी दरमहा पैसे भरून तयार सेवा घ्या, सर्व्हरच्या फंदात पडू नका. इथं तीन गोष्टी वेगळ्या होत्या. हंगामी माणसं येत-जात राहतात. ‘हळद’, ‘बेदाणा’, ‘हिशेब’, ‘गोदाम’ असे कामाचे पत्ते बरेच, आणि एकेका पत्त्यावरून दोघं-तिघं लिहिणार. शिवाय कोण आत, कोण बाहेर हे ठरवणारा माणूस कॉम्प्युटरवाला नव्हता. ते काम दिवाणजीकाकांचं. हजेरीचं रजिस्टर त्यांच्याकडं, पगाराची वही त्यांच्याकडं, मग मेलची यादीही त्यांच्याकडंच हवी. त्यासाठी त्यांना सर्व्हरचा रूट पासवर्ड, म्हणजे सगळ्याचीच किल्ली, देणं अर्थातच शक्य नव्हतं.

डेटाबेसवर (टेबलांत मांडलेल्या याद्यांच्या साठ्यावर) आधारलेल्या ओळख-तपासणीचा खरा फायदा इथं आहे. सर्व्हरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रत्येकासाठी सिस्टिम युजर काढला तरी मेल चालते. पण मग माणूस वाढवणं-काढणं हे सर्व्हर चालवणाऱ्याचं काम होऊन बसतं, आणि प्रत्येक मेलधारकाचं सर्व्हरवर खातं तयार होतं ते वेगळंच. यादी डेटाबेसमध्ये असली की ती बदलायला एक साधं वेबपान पुरतं. सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

सर्व्हर कुठे

‘पेढीतच ठेवू, डोळ्यांसमोर राहील,’ असं थोरल्या शेठजींचं म्हणणं. धाकट्या भावानं एवढंच विचारलं, ‘आणि पाणी आलं तर?’ सांगलीत या प्रश्नापुढं फारसं बोलावं लागत नाही. २००५ च्या पुरानं हरिपूरच्या पेवांतल्या हळदीची काय गत केली ते यार्डातल्या जुन्या माणसांना आठवतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे.

पूर बाजूला ठेवला तरी कचेरीतल्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालवणं अवघडच. बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, बहुधा बंद असतो. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद आपल्या हातात नसते. आणि घरगुती जोडण्यांचे आयपी ‘इथून थेट मेल येऊ नये’ अशा याद्यांमध्ये आधीच गेलेले असतात. शेवटी मुंबईच्या डेटा सेंटरमधला एक लहान व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला. तिथंही २५ नंबर सुरुवातीला बंदच होता. काय काम करणार आहोत हे लिहून दिल्यावर उघडला. पीटीआर नोंद त्यांच्या पॅनेलमधून करता आली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जी-मेलनं सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ (कुठल्या सर्व्हरवरून आपली मेल येऊ शकते ती नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), जुळणारी पीटीआर आणि टीएलएस (वाटेतली मेल गुप्त ठेवणारी पद्धत) सक्तीचं केलं आहे. त्यामुळं पीटीआर देत नसलेली जागा कितीही स्वस्त असली तरी मेलच्या कामाची नाही.

दोन प्रोग्राम, एक टेबल

जुळणी नेहमीचीच : डेबियन १२ (लिनक्सची एक आवृत्ती), पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि मारियाडीबी हा डेटाबेस. पोस्टफिक्स व्हीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिला आणि १९९८ मध्ये बाहेर आला. डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा, २००२ चा. दोघांचे जनक वेगळे, वळणं वेगळी, पण डेटाबेस एकच वाचायचा. पोस्टफिक्स म्हणजे गोदामाच्या दारावर माल उतरवून घेणारा मुकादम आणि डव्हकॉट म्हणजे आतल्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा, असं आम्ही दिवाणजीकाकांना समजावलं. त्यांनी लगेच विचारलं, ‘मग दोघांकडं यादी एकच का वेगळी?’ प्रश्न अगदी नेमका होता.

यादी एकच; पण त्या यादीला दोघं वेगळे प्रश्न विचारतात. पोस्टफिक्सचे प्रश्न तीन. हे डोमेन (पत्त्यातलं @ पुढचं नाव) आपलं आहे का? हा पत्ता आपल्याकडं आहे का? या पत्त्याची मेल दुसऱ्या कुणाकडं वळवायची आहे का? पासवर्डशी त्याला काही घेणं नाही. डव्हकॉटचे प्रश्न दोन. पहिला ‘पासडीबी’चा : आत येऊ पाहणाऱ्याचा पासवर्ड बरोबर आहे का? दुसरा ‘युजरडीबी’चा : या माणसाची मेल डिस्कवर कुठं आहे आणि कुणाच्या मालकीनं लिहायची? मोबाइलवरून मेल पाठवताना पोस्टफिक्सलाही पासवर्ड तपासावा लागतो. पण ते काम तो स्वतः करत नाही. एसएएसएल या ओळख-तपासणीच्या पद्धतीच्या सॉकेटमधून (दोन प्रोग्रामांमधल्या जोडणीतून) डव्हकॉटकडं सोपवतो. म्हणजे पासवर्ड तपासणारा एकटा डव्हकॉट.

सुरुवातीला टेबलं तीन : डोमेन, माणसं आणि वळवलेले पत्ते. माणसांच्या टेबलात पत्ता, पासवर्डचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही असा ठसा), डिस्कची मर्यादा आणि चालू-बंदचा कॉलम. आंतरजालावरची बहुतेक मार्गदर्शनं इथं ‘चालू’ असा एकच कॉलम ठेवतात आणि तो सगळ्या प्रश्नांना लावून मोकळे होतात. शेठजींची मागणी त्या एका कॉलमात बसत नव्हती. ‘बंद’ केलं की लॉगिन बंद आणि मेल येणंही बंद. पाठवणाऱ्याला ५५० चं उत्तर, ‘असा कुणी नाही’. वर्षानुवर्षं त्या माणसाच्या पत्त्यावर ऑर्डर पाठवणाऱ्या अहमदाबादच्या व्यापाऱ्याला हे उत्तर गेलं, तर तो माणूस आता कुठल्या पेढीत आहे याची चौकशी करेल. म्हणजे नको तेच घडेल.

म्हणून कॉलम दोन केले, ‘लॉगिन’ आणि ‘आवक’. नोकरीत असलेल्याचे दोन्ही चालू. गेलेल्याचं लॉगिन बंद, आवक चालू, आणि वळवलेल्या पत्त्यांच्या टेबलात त्याच्या जागी आलेल्या माणसाचं नाव. वर्ष-दीड वर्षानं त्या पत्त्यावर कामाचं काही येईनासं झालं की आवकही बंद. ‘आवक’ हा शब्द काकांचाच. तो यार्डात रोजचा असल्यानं वेबपानावर दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही.

डेटाबेसचे युजरही दोन ठेवले. मेल सर्व्हर ज्या युजरनं वाचतो त्याला फक्त वाचायची परवानगी. वेबपानाचा युजर वेगळा, त्याला लिहायची परवानगी. पोस्टफिक्सच्या ज्या फायलींत डेटाबेसचा पासवर्ड असतो त्या रूट आणि पोस्टफिक्सच्या गटापलीकडं कुणाला वाचता येणार नाहीत एवढं पाहावं लागतं. नाहीतर सर्व्हरवरच्या कुठल्याही वेबसाइटला भोक पडलं तर आख्खी यादी बाहेर.

पासवर्ड कसे ठेवले

बी-क्रिप्ट या पद्धतीचे हॅश, डव्हकॉटच्या मूळ मोजमापापेक्षा जड (तपासायला जास्त वेळ लागेल असे) करून. आर्गॉन२ ही दुसरी पद्धत चांगली आहे, पण ती मेमरी जास्त मागते. डव्हकॉटच्या तपासणी-प्रोसेसला मेमरीची मर्यादा असते, ती वाढवत बसण्याइतकं कारण इथं नव्हतं. हॅश ठेवले की क्रॅम-एमडी५ सारख्या लॉगिनच्या जुन्या पद्धती आपोआप बाद होतात, कारण त्यांना मूळ पासवर्ड किंवा त्यांच्याच घाटाचा साठा लागतो. उरतात ‘प्लेन’ आणि ‘लॉगिन’. दोन्हींत पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जातो, म्हणून टीएलएसशिवाय लॉगिन पूर्ण बंद. ‘लॉगिन’ ही पद्धत मुद्दाम चालू ठेवली, कारण पेढीतल्या जुन्या आउटलुकना मेल पाठवताना तीच लागते. पाठवायला ४६५ आणि ५८७ हे पोर्ट, वाचायला ९९३. २५ नंबरवर लॉगिनच नाही. तो फक्त दुसऱ्या सर्व्हरांकडून येणाऱ्या मेलसाठी.

काकांना पासवर्ड मराठीत हवा होता. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि बी-क्रिप्ट ७२ बाइटांपुढचं बघतच नाही, म्हणजे चोवीस चिन्हांनंतरचं लिहिलेलं वाया. तेवढं चाललंही असतं. खरी अडचण अशी की एकच अक्षर दोन कीबोर्ड वेगवेगळ्या प्रकारे साठवू शकतात. डोळ्यांना शब्द तोच दिसतो, सर्व्हरला वेगळा. काका नाराज झाले, पण ऐकलं.

हातानं चालतं, सर्व्हरमध्ये चालत नाही

पहिल्या चाचणीची मेल बाहेरून पाठवली आणि ४५१ आलं : तात्पुरती अडचण, यादी पाहता आली नाही. मग पोस्टफिक्सच्याच पोस्टमॅप या कमांडनं तोच प्रश्न हातानं विचारला. उत्तर बरोबर आलं. पासवर्ड बरोबर, क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) बरोबर, डेटाबेस चालू. तरी पोस्टफिक्सला काही दिसत नाही. डेबियनवर मेल सर्व्हर पहिल्यांदा लावणाऱ्यांपैकी अनेक जण इथंच अडतात आणि क्वेरीत चूक शोधत बसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

डेबियन १२ पोस्टफिक्सची बाहेरच्या जगाशी बोलणारी प्रोसेस चरूटमध्ये कोंडून ठेवतो. तिला स्वतःच्या स्पूलच्या (मेल तात्पुरती ठेवण्याच्या) फोल्डरपलीकडची फाइल सिस्टिम दिसत नाही. मारियाडीबीला ‘लोकलहोस्ट’ (हेच मशीन) म्हणून हाक मारली की जोडणी नेटवर्कवरून होत नाही, डिस्कवरच्या सॉकेट फायलीतून होते. ती फाइल कोंडलेल्या प्रोसेसच्या नजरेबाहेर. पोस्टमॅप मात्र आपण शेलमधून, म्हणजे स्वतः कमांड टाइप करून, चालवतो, तो कोंडलेला नसतो. म्हणून त्याला सगळं दिसतं. चाचणी एका जागेवरून आणि काम दुसऱ्या जागेवरून, असा हा घोटाळा.

उपाय दोन आहेत. ‘लोकलहोस्ट’ऐवजी १२७.०.०.१ हा त्याच मशीनचा आकड्यांतला पत्ता लिहायचा, म्हणजे जोडणी नेटवर्कवरून होते. मग डेटाबेसच्या युजरलाही त्याच पत्त्यावरून यायची परवानगी हवी. किंवा यादीच्या नावाआधी ‘प्रॉक्सी’ लावायचं. मग पोस्टफिक्सची प्रॉक्सीमॅप ही प्रोसेस सगळ्यांच्या वतीनं डेटाबेसशी बोलते आणि ती डेबियनवर कोंडलेली नसते. आम्ही दोन्ही केलं. प्रॉक्सीमॅपमुळं प्रत्येक प्रोसेसची वेगळी जोडणी होत नाही, लहान सर्व्हरवर तेवढंच ओझं कमी.

त्या ४५१ चा एक दिलासाही आहे. डेटाबेस पडला की पोस्टफिक्स ‘असा कुणी नाही’ म्हणत नाही, ‘नंतर या’ म्हणतो. पाठवणारा सर्व्हर मेल आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येतो. पोस्टफिक्सची स्वतःची रांग ठरावीक मांडणीत पाच दिवस धरून ठेवते. आम्ही मारियाडीबी मुद्दाम थांबवून, बाहेरून मेल पाठवून, पुन्हा चालू करून पाहिलं. मेल उशिरा आली, पण आली. ‘डेटाबेस बंद पडला तर ऑर्डरी जातील का?’ असं धाकट्या शेठजींनी विचारलं होतं. त्यांना हे दाखवल्यावर तो विषय मिटला.

दुसरी अडचण किरकोळ. पोस्टफिक्स बसवताना डेबियन मेलचं नाव विचारतो आणि ते ‘मायडेस्टिनेशन’मध्ये घालतो. तिथं पेढीचं डोमेन आलं की पोस्टफिक्स ते स्वतःचं स्थानिक डोमेन समजतो आणि डेटाबेसकडं न जाता लिनक्सच्या युजरांत माणूस शोधतो. लॉगमध्ये एक डोमेन दोन्हीकडं लिहू नका अशी ताकीद येते. तिथं सर्व्हरचं स्वतःचं पूर्ण नाव आणि लोकलहोस्ट एवढंच ठेवलं.

गेलेल्या माणसाची परीक्षा

आता मुख्य मागणी. एक खोटा माणूस टेबलात घातला, मोबाइलवर त्याचं खातं लावलं, मग काकांच्या वेबपानावरून त्याचं ‘लॉगिन’ बंद केलं आणि बाहेरून त्याला मेल पाठवली. यात तीन गोष्टी पाहायच्या होत्या.

पहिली : मेल आली का? इथं डव्हकॉटच्या दोन प्रश्नांतला फरक महत्त्वाचा ठरतो. पोस्टफिक्स मेल घेतो आणि डिस्कवर ठेवण्यासाठी एलएमटीपीनं (आतल्या आत मेल पोचवण्याच्या पद्धतीनं) डव्हकॉटकडं देतो. त्या वेळी डव्हकॉट पासवर्ड बघत नाही, युजरडीबीला विचारतो. लॉगिनची अट पासडीबीच्या क्वेरीत आहे तोवर ठीक. तीच अट कुणी ‘सुरक्षित असू दे’ म्हणून युजरडीबीतही घातली, तर पोस्टफिक्स दारावर मेल स्वीकारतो आणि आत डव्हकॉट ‘असा माणूसच नाही’ म्हणून परत करतो. स्वीकारलेली मेल नाकारली गेली की पोस्टफिक्सला परतीचं पत्र लिहावं लागतं. ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जातं, आणि स्पॅमच्या बाबतीत तो पत्ता भलत्याच माणसाचा असतो. असा सर्व्हर लवकरच काळ्या यादीत जातो. म्हणून नियम असा लिहून ठेवला : पासडीबीत ‘लॉगिन’, पोस्टफिक्सच्या यादीत ‘आवक’, युजरडीबीत दोन्ही नाहीत. नाकारायचं ते दारावरच नाकारायचं.

वळवलेल्या पत्त्यांबाबत एक सावधगिरी. ‘डोमेनवरचं जे काही येईल ते हिशेबाकडं’ अशी सरसकट नोंद करायचा आग्रह झाला होता. पोस्टफिक्स आधी वळवण्याची यादी बघतो, पेटी आहे की नाही ते नंतर. त्यामुळं सरसकट नोंद केली की खऱ्या माणसांचीही मेल तिकडं जाते. प्रत्येक पेटी स्वतःकडंच वळवून ठेवणारी जादा क्वेरी लावली तरच ती वाचते. आम्ही सरसकट नोंद केलीच नाही. ती असली की अंदाजानं बनवलेल्या हरेक पत्त्यावरचं स्पॅम घरात येतं. माझ्या मते पेढीला तिची गरज कधीच नसते.

दुसरी गोष्ट : त्याला आत येता येतं का? नव्यानं लॉगिन होईना. पण ज्या मोबाइलवर खातं आधीच उघडं होतं तिथं नवी मेल दिसत राहिली! आयमॅपची (मेल वाचण्याच्या पद्धतीची) जोडणी एकदा झाली की ती तासन्‌तास उघडी राहते आणि पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. टेबलात बंद केल्यानं उघडी जोडणी तुटत नाही. ती डव्हकॉटला सांगून तोडावी लागते. म्हणून काकांनी ‘लॉगिन बंद’ दाबलं की मागून त्या माणसाच्या सगळ्या जोडण्या तोडणारी कमांड चालेल अशी सोय केली. वेबपानाला ती कमांड थेट चालवू दिली नाही. टेबलात ‘तोडायचे’ अशी नोंद पडते आणि मिनिटा-मिनिटाला चालणारी एक छोटी स्क्रिप्ट ती वाचून काम करते. डव्हकॉटची ओळख लक्षात ठेवण्याची कॅश मुळात बंद असते, ती तशीच ठेवली. ती चालू केली की बंद केलेला माणूस जुन्या पासवर्डनं कॅशची मुदत संपेपर्यंत आत येऊ शकतो. तीस माणसांच्या टेबलाला कॅश हवीच कशाला?

तिसरी : मेल पाठवता येते का? पासवर्ड तपासणारा डव्हकॉटच असल्यानं पाठवणंही लगेच बंद. इथं वेगळं काही करावं लागलं नाही.

कुणाच्या नावानं कोण लिहितो

हा भाग मागणीत नव्हता, आम्ही आग्रहानं घातला. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे या नव्या खात्यावर पाठवा’ अशा खोट्या मेलनं व्यापारी फसल्याच्या गोष्टी बाजारात सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. बहुतेकांना वाटतं की असं पत्र बाहेरून येतं. पण साध्या मांडणीच्या पोस्टफिक्सवर गोदामातल्या पोरानं स्वतःच्या पासवर्डनं आत येऊन पाठवणारा म्हणून शेठजींचा पत्ता लिहिला, तरी सर्व्हर ती मेल पाठवतो. वर डीकेआयएमची सहीही करतो. ती बाहेर अस्सल म्हणूनच पोचते.

म्हणून चौथं टेबल केलं : कुठल्या पत्त्यावरून कोण लिहू शकतो. ‘हिशेब’ या पत्त्यावरून दोघं, ‘बेदाणा’वरून तिघं, शेठजींच्या पत्त्यावरून शेठजीच. पोस्टफिक्सला हे टेबल दाखवून, लॉगिन आणि पाठवणारा जुळत नसेल तर नाकारायचा नियम लावला. त्यातही एक फट उरते. पोस्टफिक्स हा नियम लिफाफ्यावरच्या, म्हणजे सर्व्हरला सांगितलेल्या, पत्त्याला लावतो; आतल्या पत्राच्या ‘प्रेषक’ ओळीला नाही, आणि वाचणाऱ्याला मोबाइलवर तीच ओळ दिसते. ती फट बुजवायला एक छोटा मिल्टर (मेल तपासणारा जोडप्रोग्राम) लावला. पोस्टफिक्स त्याला लॉगिनचं नाव देतो, मिल्टर ‘प्रेषक’ ओळ वाचून त्याच टेबलात बघतो आणि जुळलं नाही तर मेल थांबवतो.

लावल्यावर पहिली तक्रार थोरल्या शेठजींचीच. त्यांच्या वतीनं दिवाणजीकाका पत्रं लिहायचे, तीही अडली. काकांना त्या पत्त्यावर लिहायची परवानगी द्यायची का, यावर तिघा भावांत बराच वेळ चर्चा झाली. शेवटी दिली, पण काकांनी स्वतःच्या लॉगिननंच लिहायचं. आता लॉगमध्ये पत्ता शेठजींचा आणि लॉगिन काकांचं असं दिसतं. काका म्हणाले, ‘बरं झालं की. माझ्या नावावर दुसऱ्याचं बिल फाटायला नको.’

बाकीची कामं

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (त्या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारी) या नोंदी रीतसर केल्या. डीमार्क आधी नुसतं अहवाल मागवणारं, मग हळूहळू कडक. अहवाल वाचताना कळलं की पेढीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच सर्व्हरवरून पेढीच्या नावानं मेल पाठवतं. त्याला टेबलात स्वतःचं लॉगिन काढून दिलं. मालकांच्या घरातल्या, पुण्यात शिकणाऱ्या धाकट्या मुलाला घरच्या मेल जी-मेलवर वळवून हव्या होत्या. अशा वळवण्यानं मूळ पाठवणाऱ्याचं एसपीएफ मोडतं आणि आलेलं स्पॅमही आपण पाठवल्यासारखं दिसतं. त्याला जी-मेलच्या ॲपमध्येच दुसरं खातं लावून दिलं.

जुन्या खात्यातली मेल आणताना प्रत्येक मेल कुणाची, हे ठरवणं अशक्य होतं. सगळी एका ‘जुनी’ नावाच्या पेटीत टाकली आणि ती भावांपुरती उघडी ठेवली.

बॅकअपमध्ये डेटाबेस आणि मेलच्या फायली एकाच वेळी घेतल्या जातात. डेटाबेस गेला आणि फायली राहिल्या तर मेल सगळी असते, पण दार उघडणारा कुणी नाही. टेबलं तर चिमूटभर. त्यांची प्रत रोज रात्री पेढीतल्या कॉम्प्युटरवरही उतरते. ती प्रत वापरून रिकाम्या मशीनवर सर्व्हर उभा राहतो का, हे नवी हळद यायच्या आधी एकदा करून पाहिलं. टीएलएसचं आमचं सर्टिफिकेट नव्वद दिवसांचं असतं आणि आपोआप बदलतं, पण डव्हकॉट नवं सर्टिफिकेट आपणहून वाचत नाही, पोस्टफिक्सही ते लगेच वाचेलच असं नाही. बदलल्यावर दोघांना रीलोड करणारी ओळ लिहावी लागते, नाहीतर सगळं सुरळीत दिसत असताना एका सकाळी सगळ्यांचे मोबाइल तक्रार करतात.

हंगामात काय झालं

फेब्रुवारी ते मे काकांनी माणसं वाढवली, काढली. आम्हाला त्यासाठी एकही फोन आला नाही. फोन आले ते वेगळ्याच कारणांनी. एकदा कोल्ड स्टोरेजवरच्या माणसाचा पासवर्ड चुकत राहिला आणि फेलटूबॅननं (चुकलेले लॉगिन मोजून आयपी अडवणाऱ्या प्रोग्रामनं) त्याचा आयपी बंद केला. तिथं सगळ्यांचं इंटरनेट एकच, त्यामुळं सगळं कोल्ड स्टोरेज बाहेर! पेढीच्या स्वतःच्या जागांना त्या नियमातून वगळलं. एकदा बेदाण्याच्या नमुन्यांचे फोटो एवढे मोठे होते की समोरच्या सर्व्हरनं घेतले नाहीत.

मे महिन्यात हंगामी पोरं गेली. त्यातला एक परत त्याच यार्डात दुसरीकडं लागला. त्याच्या पत्त्यावर येणारी मेल आता गोदामाच्या पत्त्यावर उतरते, आणि गुजरातच्या खरेदीदारांना काही बदललं आहे याचा पत्ताही नाही.

राहिलेलं मोठं काम एकच. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ आहे आणि त्याच्या कॉन्फिगरेशनची भाषा २.३ पेक्षा इतकी वेगळी आहे की जुनी फाइल त्याला चालतच नाही. डेटाबेसच्या एसक्यूएल क्वेरींची वेगळी फाइल गेली, क्वेरी मुख्य मांडणीतच लिहायच्या, युजरचं नाव लिहायची खूण बदलली. कमकुवत हॅशही मुळात बंद केलेत. बी-क्रिप्ट त्यात येत नाही, म्हणून कुणाचा पासवर्ड बदलावा लागणार नाही. चालत्या सर्व्हरवर नुसतं अपग्रेड केलं तर मेल बंद पडणार हे नक्की, म्हणून ते काम आवक थंडावल्यावरच करायचं ठरलं आहे. डेबियन १२ ची नेहमीची सुरक्षा-देखभाल जून २०२६ पर्यंतची, लांब मुदतीची २०२८ पर्यंत, घाई नाही. सध्या आमच्याकडच्या एका मशीनवर डेबियन १३ टाकून, खोटी नावं भरलेल्या त्याच चार टेबलांवर नवी मांडणी लिहितो आहोत. पासडीबी आणि युजरडीबीच्या क्वेरी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, त्या तशाच उचलून नव्या भाषेत बसवता आल्या. मिल्टरची चाचणी अजून बाकी आहे.